नापास खोली

लेकीनं विचारलं ते अगदी साधं होतं. सकाळचा चहा, केस अजून विंचरलेले नाहीत, एक पाय खुर्चीवर घेतलेला, अशा बैठकीत मुली आईबापांना वाटेल ते विचारतात, त्यातलंच एक. "तुम्ही दोघं इतक्या ठिकाणी राहून आलात," ती म्हणाली, "त्यातलं कुठं तुम्ही सगळ्यात मजेत होतात? हॉटेल कसं होतं ते नकोय मला. तुम्ही दोघं." लेकीचं घरातलं नाव बुटकी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून ठेवलेलं, आणि आता ती आईबापांपेक्षा वीतभर उंच झाली, नोकरीला लागली, दातांच्या एका डॉक्टरशी तिचं लग्न ठरलं, तरी नाव आपलं जिथल्या तिथं. लग्न तोंडावर आलं होतं. लग्नानंतरची सहल आईबापांच्या ऑफिसातल्या साहेबांनी आपल्याकडून भेट म्हणून देऊ केली होती, आणि कुठं जायचं ते उद्या सकाळी कळवायचं होतं. बापानं पेपरातून मान वर न करता उत्तर दिलं, "समुद्रावरचं पांढरं हॉटेल. गाद्या उत्तम, बाथरूमचं दार बिनआवाजाचं, खिडकीतून थेट पाणी दिसतं. डोळे झाकून जावं." बुटकी म्हणाली, "बाबा, मी हॉटेल विचारलंच नाही." "मग काय विचारलंस?" "जाऊ दे. आई, तू सांग." आणि आई, जिला कुठल्याही खोलीबद्दल विचारलं तर एका दमात गादीपासून गटारापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली असती, ती गाळणं हातात धरून नुसती उभी राहिली. चहा कपाबाहेर बशीत आणि बशीतून टेबलावर गेला. "संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "जावईबापू येणारच आहेत, दोघांना एकदमच सांगते." फडकं आणायला म्हणून ती आत गेली, आणि ओट्याशी उभी राहिल्यावर तिला कळलं की आपल्या छातीत धडधडतंय.

आता यात धडधडण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण या दोघांचं कामच जगावेगळं. ते ज्या ऑफिसात होते ते लोकांची लग्नं पार पाडून द्यायचं. हॉल, सजावट, नवरीचा मेकअप, पाहुण्यांची जेवणं, आणि सगळं आटोपलं की नव्या जोडप्याची सहल. लग्न पाहावं करून म्हणतात. हे ऑफिस म्हणायचं, तुम्ही नुसतं पाहा, करायचं आमच्यावर सोडा. सुरुवातीला साहेब सहलीच्या खोल्या बघायला एकट्या माणसाला पाठवत. तो परत येऊन सगळंच झकास असल्याचं सांगे, कारण दमून आलेला एकटा पुरुष फळकुटावरही घोरतो. मग कुठल्याशा जोडप्याला भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला चार दिवस ऐकावा लागला, नवरीच्या बापानं साहेबांची बिनपाण्यानं हजामत केली, आणि साहेबांनी नियमच करून टाकला की यापुढं तपासायला जोडप्यानंच जायचं. तेव्हा ऑफिसात ताजं लग्न झालेला हा एकटाच होता. बायकोला घेऊन गेला, बायकोची नजर साहेबांना त्याच्यापेक्षा तिखट वाटली, आणि दोघं त्या कामाला चिकटले ते कायमचे. ऑफिसात त्यांना नाव पडलं नवरा-नवरी. आता त्याला टक्कल पडलं, तिला चष्मा लागला, तरी साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे विचारतात, "नवरा-नवरी आले का?" स्वतःची म्हणून अशी सहल दोघांनी कधी काढलीच नाही. तिनं एकदा विषय काढला तेव्हा तो म्हणाला होता, "फिरतोच आहोत की आपण. वर पगार." बोलणं खरं होतं, त्यामुळं तिला पुढं काही म्हणता आलं नाही.

काम मात्र दोघं जीव ओतून करत. खोलीत शिरलं की तो दारं-खिडक्यांकडं वळे, ती पलंगाकडं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या असल्या तर त्या हातानं बाजूला लोटून ती आधी चादरीवर डाग बघे. टॉवेलचं बदक करून ठेवलेलं असलं तर ते उलगडून हुंगे. मग तो पलंगावर बसून, चेहरा शोकसभेतल्यासारखा ठेवून, जागच्या जागी खालीवर हले आणि ती बाहेर बोळात उभी राहून करकर ऐकू येते का ते बघे; नवीन लग्न झालेल्यांची लाज राखायची तर हे करावंच लागतं. एकदा खोल्या झाडणारी बाई तिथून जाताना थबकली. बंद दाराला कान लावून उभी असलेली ही, आत एकसारखी करकर, बाई काय समजायचं ते समजली आणि हिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असं ऐकून नाही घ्यायचं, बाई. सरळ दार वाजवायचं." ऑफिसात या किश्श्यावर किती वर्षं हसणं झालं असेल. तीही हसायची, तीच तो सगळ्यात रंगवून सांगायची. पण सांगता सांगता मध्येच कुठंतरी तिला आतून गार वाटे. आत तो, बाहेर ती, आणि मध्ये दार. दोघं मिळून तिसऱ्याच कुणाच्या तरी सुखाची सोय बघतायत. पुढं घरी नवी गादी आली, तेव्हा तो तिच्या शेजारी आडवा होऊन म्हणाला, "कडेला उतार आहे," आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, आणि मध्ये टणक." मग दोघंही छताकडं बघत पडून राहिले. इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

म्हणून बुटकीचा प्रश्न तिच्या मर्मावर बसला. कारण उत्तर तिच्याजवळ होतं, सकाळीच होतं, चहा सांडायच्या आधी जिभेवर आलेलं. तळ्याकाठचं घर. त्याला हॉटेल म्हणणं म्हणजे थट्टाच. एका विधवा बाईंनी राहत्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या स्वतःच्या हातानं चुना लावून तयार केल्या होत्या, आणि ऑफिसची जोडपी येऊ लागली तर आपलं बरं चालेल अशा आशेवर त्या होत्या. बुटकी व्हायच्या आधीची गोष्ट. हे दोघं तिथं पोहोचले आणि वारा सुटला, असा की रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि परतायचा प्रश्नच मिटला. खोलीतली खिडकी मोठी, जवळजवळ जमिनीपर्यंत आलेली. तिची कडी पहिल्याच धक्क्याला निखळून त्याच्या हातात आली. त्यानं खुर्ची लावून पाहिली, खुर्ची सरकली. टेबल लावलं, टेबलही सरकलं. शेवटी दोघं खिडकीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि खोलीतलं एकुलतं एक पांघरूण गुडघ्यांवर घेतलं. एक जण उठला की खिडकी उघडायची, म्हणून कुणालाच उठता येईना. नळ बघायचा राहिला, गादी बघायची राहिली. दुपारपासून उजेड जाईपर्यंत ते तसेच बसले होते, पाठीला वाऱ्याच्या ढुशा, खांद्याला खांदा. आणि हा अबोल माणूस बोलायला लागला. आधी त्यानं साहेब नवरी होऊन आरशापुढं बसले तर कसे दिसतील ते करून दाखवलं, आणि ती हसून हसून इतकी खाली घसरली की खिडकीची एक फळी उघडलीच. मग हसणं ओसरल्यावर त्यानं सांगितलं की त्याची आई गेली त्या दुपारी, शाळेतून आलेल्या त्याला कुणीतरी शेजारच्या अंगणात खेळायला धाडलं होतं. तो मनापासून खेळला. जिंकला, आणि आईला सांगायला घराकडं धावत आला. हे त्यानं त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि नंतर तिच्याजवळही पुन्हा कधी काढलं नाही. तिनं त्याला सांगितलं ते त्या मानानं पोरकट होतं. की तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास, तुला खुर्ची दिली, तू बसायच्या आधी ती हलवून बघितलीस, खिशातला कागद चौपदरी करून तिच्या पायाखाली सारलास, आणि मग स्वतः न बसता मला म्हणालास, 'आता बसा'. म्हणून मी तुला हो म्हटलं. त्या दुपारी ती त्याला अरे-तुरे करत होती. घरी आल्यावर पुन्हा 'अहो' सुरू झालं.

त्या दिवशी ऑफिसची गाडी दोघांना घरी घ्यायला आली तेव्हा मनानं ती अजून त्या खिडकीशीच होती. नवा हॉल तपासायचा होता. व्यवस्थापक दारातच उभा, "या, नवरा-नवरी, या," म्हणत. आणि मग त्यानं नमनालाच घडाभर तेल घातलं, छत किती उंच, पंखे किती मोठे, गाड्या किती उभ्या राहतात. नवरा त्याला "हं, हं" करत सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसला, कारण त्याचं म्हणणं, हॉल कधी पुढून बघू नये. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मावशीला नवरी दिसली तर हॉल चांगला. ती नवरीच्या खोलीत गेली. तिथं ऑफिसची मेकअपवाली आधीच येऊन आरशापुढचे दिवे लावून, विझवून बघत होती. चुणचुणीत बाई, जीभ कात्रीसारखी. "ताई, बसा खुर्चीत. नवरीच्या खुर्चीत बसल्याशिवाय उजेड कळत नाही." ती बसली. "वरचा दिवा बंद कर आधी," ती म्हणाली, "डोळ्यांखाली खड्डे पाडतोय." "खड्डे दिव्याचे की जागरणाचे?" "लेकीचं लग्न आहे गं. झोप कुठली." मेकअपवालीनं वरचा दिवा घालवला, दोन्ही बाजूंचे लावले. तिची एक पद्धत होती. नवरी हाताशी नसली की समोर जो चेहरा सापडेल त्याच्या एका गालावर रंग लावून त्या उजेडात तो कसा दिसतो ते बघायचं. एकदा तिनं पहारेकऱ्याच्या गालावर लावला होता आणि तो बिचारा तसाच घरी गेला होता. आज तिनं हिची हनुवटी धरली. "तुमच्या लग्नात कुणी केला होता मेकअप?" "शेजारच्या काकूंनी. पावडर चेहऱ्यावरच संपली, मानेपर्यंत पोचलीच नाही. फोटोत डोकं एकीचं आणि धड दुसरीचं वाटतं." मेकअपवाली हसली, आणि गालावर बोट फिरवत सहज म्हणाली, "पण नशीब काढलंत, ताई. मी प्रत्येक नवरीला तुमचं उदाहरण देते. म्हणते, आमच्या ऑफिसात एक जोडपं आहे, जन्मभर नुसतं सहलीला जातंय, आणि अजून एकमेकांना कंटाळलेलं नाही."

आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, अर्धा आजचा आणि अर्धा मऊ, गुलाबी, कुणा परक्या बाईचा. कंटाळलो नाही हे खरं, तिच्या मनात आलं. कंटाळा यायला आधी एकमेकांकडं बघावं लागतं; आम्ही दोघं कायम भिंतीकडं बघत आलो. आणि लगेच तिला स्वतःच्या या विचाराची लाज वाटली, कारण तो माणूस वाईट नव्हता. तिच्या दुखण्याखुपण्यात त्यानं हाताचा पाळणा केला होता. बुटकीला रात्रंदिवस खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. त्याच्यात खोट काढावी अशी एकच गोष्ट होती आणि ती सांगितली तर ऐकणाऱ्याला हसू येईल. ती म्हणजे, तळ्याकाठच्या त्या घरातून निघायच्या सकाळी त्यानं केलेला फोन. वारा पडला होता. रस्त्यावरचं झाड तोडून बाजूला केलं होतं. घराच्या बाई ओले हात पुसत जिन्याखाली उभ्या होत्या, आणि त्यांनी दोघांनाही विचारलं होतं, "कसं वाटलं?" ती तोंड उघडणार होती. अंगात अजून कालची ऊब होती. तिला त्या बाईंचे हात धरून सांगावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "फोन करू का इथून?" आणि तिथंच, कोपऱ्यातल्या काळ्या फोनवरून, पाठ फिरवून तो साहेबांशी बोलला, "नाही साहेब. जमणार नाही. खिडकी लागत नाही. गरम पाणी नाही. पांघरूण एकच आहे. नापास." बाईंनी ऐकलं. त्या आत जाऊन वाटेत खायला म्हणून उकडलेली अंडी कागदात बांधून घेऊन आल्या. ती अंडी तिच्या घशाखाली उतरली नाहीत. येताना ती सबंध वेळ बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. त्यानं विचारलं, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "नाही, बरं आहे." आयुष्यातली सगळ्यात सुखाची दुपार नवऱ्यानं तीन कारणं देऊन नापास केली, हे कुणाला सांगायचं, आणि कसं. त्यानंतरच्या प्रत्येक खोलीत ती त्याच्याहून कडक झाली. तिची नजर तिखट म्हणून साहेब जे कौतुक करायचे, ती तिखटाई तिथून आलेली होती.

आणि आता मुलगी विचारतेय. आरशापुढच्या खुर्चीत बसल्या बसल्या आई पुढचं सगळं बघून घेत होती, मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात तसं. संध्याकाळी आपण म्हणणार, तळ्याकाठचं घर. तो कपाळाला आठ्या घालणार, आठवायचा प्रयत्न करणार. मग म्हणणार, "ते पडकं? जिथं खिडकी लागत नव्हती?" बुटकी हसेल, जावई हसेल, आणि आपल्यालाही त्यांच्याबरोबर हसावं लागेल. एकदा हसलो की संपलं. आजवर ती दुपार निदान आपल्या एकटीच्या तरी मालकीची होती. तो तिथं आपल्याबरोबर होता की नुसता खिडकी धरून बसला होता, हे आपण कधी विचारलं नाही, म्हणूनच ती टिकली. विचारून हात दाखवून अवलक्षण कशाला. पांढरं हॉटेल म्हणावं आणि मोकळं व्हावं. तिनं तसं ठरवूनही टाकलं. पण बाहेर येताना तिला तो दिसला, मागच्या रांगेत वाकलेला. एक खुर्ची डुगडुगत होती आणि तो खिशातला कागद चौपदरी करून तिच्या पायाखाली सारत होता, इतक्या निगुतीनं की जणू आत्ता तिथं कुणी त्याचं जवळचं माणूस येऊन बसणार होतं. हॉलमधल्या शेकडो खुर्च्यांपैकी ती एक. तिचा निश्चय जरा ढिला पडला, आणि त्याचाच तिला राग आला. गाडीत बसल्यावर तो तिच्याकडं बघून म्हणाला, "डावा गाल वेगळा दिसतोय तुझा." त्यानं रुमाल पुढं केला. तिनं तो घेऊन गाल खसाखसा पुसला. या माणसाला माझ्यातही काय कमी-जास्त आहे तेवढंच दिसणार, तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिनं त्याच रुमालाच्या दुसऱ्या टोकानं टिपलं.

संध्याकाळी जावई आला. सज्जन मुलगा, बोलण्याआधी दोनदा विचार करणारा. बोलताना लोकांच्या दातांकडं बघायची त्याला खोड होती, त्यामुळं त्याच्यापुढं घरातले सगळे जरा तोंड मिटूनच हसत. चहा झाला. हॉलची, फुलांची, कुणाला कुठं बसवायचं याची बोलणी झाली. मग बुटकीनं कप खाली ठेवला. "हं, आई. आता चुकवायचं नाही. सकाळचं उत्तर." नवरा म्हणाला, "अगं, मी सांगितलंय की, पांढरं हॉटेल," आणि जावयाकडं वळून, "काय आहे, तिथं खिडकीतून थेट पाणी..." "बाबा, तुम्ही थांबा." सगळे तिच्याकडं बघत होते. पांढरं हॉटेल म्हणायला तिनं तोंड उघडलं. नाही म्हणता आलं. मुलगी नव्या संसाराला निघालीय आणि पहिल्याच गोष्टीत आपण तिच्याशी खोटं बोलायचं, हे काही तिच्या जिभेला जमेना. "तळ्याकाठी एक घर होतं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "खिडकी लागत नव्हती तिथं. आम्ही मजेत होतो. मी तरी होते."

नवऱ्याचा कप ओठांपर्यंत गेलेला तसाच राहिला. मग त्यानं तो सावकाश खाली ठेवला. "ते नाही," तो म्हणाला. बुटकीनं विचारलं, "का? कुठं आहे ते?" "ते नापास आहे." तिला वाटलं, झालं. आता आठ्या येतील, आता तो 'ते पडकं' म्हणेल. पण तो टेबलाकडं बघत एकेक सांगत होता, कुणी विचारलेलं नसताना. खिडकीची कडी पितळेची होती आणि ती निखळली तेव्हा तिच्याबरोबर लाकडाची ढलपी निघाली. पांघरूण हिरवं होतं, त्याला एका कोपऱ्यात ठिगळ होतं, आणि तो कोपरा तुझ्या आईच्या बाजूला होता. खाली बाईंचा रेडिओ चालू होता आणि वाऱ्यानं त्यातला एकही शब्द धड ऐकू येत नव्हता. बुटकी हसायला लागली. "बाबा, तुम्हाला पांढऱ्या हॉटेलातलं पांघरूण आठवतंय का?" "नाही," तो म्हणाला. "कुठल्याच हॉटेलातलं नाही आठवत."

"मग नापास का केलंत?" हे तिनं विचारलं. लेकीनं नव्हे, तिनंच. इतक्या वर्षांनी, जावयासमोर, चहाच्या उष्ट्या कपांवरून. अशा वेळी नवरा करायचा तेच त्यानं केलं. टेबल हलतंय का ते हातानं दाबून बघितलं. "पास केलं असतं," तो म्हणाला, "तर दर आठवड्याला एक जोडपं तिथं गेलं असतं. त्या खोलीत. साहेबांनी सुतार पाठवून आधी ती खिडकी नीट करून घेतली असती." मग तिच्याकडं न बघता पुढं म्हणाला, "मला ती नीट करायला नको होती." जावई खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला आणि हळूच बुटकीला म्हणाला, "आपण जरा बाहेर जाऊन येऊ या का?" बुटकी म्हणाली, "गप बस." आणि आई बसली होती तिथं तिला एकाच वेळी इतकं काही होत होतं की कशाला आधी जागा द्यावी ते कळेना. म्हणजे तो तिथं होता. सबंध दुपार, ठिगळाच्या कोपऱ्यापर्यंत, तो तिच्याबरोबर तिथं होता. तिला इतका आनंद झाला की रडूच यायला लागलं, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ असा संताप आला की समोरचा कप उचलून आपटावा. एवढी वर्षं. एका वाक्यानं मिटलं असतं, आणि या बाबानं ते वाक्य पोटात ठेवून तिला दारोदारच्या गाद्या दाबायला लावल्या. "मला सांगायचंत," ती म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. "तू परत येताना काही बोलली नाहीस. मला वाटलं, कळलं म्हणूनच बोलली नाहीस." त्याच्या बोलण्यात बनाव नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. बायकोचं मौन तेवढं त्यानं कधी हलवून बघितलं नव्हतं.

पोरं शेवटी बाहेर गेलीच. जाताना बुटकीनं विचारलं, "मग आम्ही जायचं कुठं?" आणि तो पूर्वीच्या आवाजात म्हणाला, "पांढऱ्या हॉटेलात. तिथं सगळं लागतं, खिडक्यासुद्धा." बुटकी आईकडं बघून म्हणाली, "मी साहेबांना विचारते, तुम्ही दोघांनी न बघितलेलं एखादं ठिकाण आहे का." घर शांत झालं. ती कप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून विसळायला लागली. तो मागून येऊन दाराशी उभा राहिला, आत यावं की नाही ते न कळून. तिला त्याला क्षमा करायची होती, जवळजवळ केलीच होती. पण मध्येच कुणीतरी उभं होतं. जिन्याखाली, ओले हात पुसत. चुना लावून, आशा लावून बसलेल्या. या दोघांची दुपार जपायची म्हणून ज्यांच्या घरी पुन्हा एकही जोडपं गेलं नाही, आणि ज्यांनी तरीही अंडी बांधून दिली. "त्या बाईंचं काय झालं?" तिनं विचारलं. "कळलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. नंतर यायला लागलं. फार यायला लागलं तेव्हा एकदा जाऊन बघितलं, तुला न सांगता. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, त्या बहिणीकडं गेल्या. खिडकी तशीच होती. दोरीनं बांधलेली."

तिनं नळ बंद केला. 'कसं वाटलं?' असं बाईंनी दोघांना विचारलं होतं, आणि त्यानं निदान फोनवर का होईना उत्तर दिलं होतं, खोटं का होईना. तिनं तर काहीच दिलं नव्हतं. राग आला म्हणून तोंडात मूग गिळून बसली होती, आणि तो राग त्या बाईंवरचा नव्हता. तिनं ओले हात पुसले, आणि खिडकीकडं तोंड करून, मोठ्यानं नाही, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "छान वाटलं."

"काय?" दारातून त्यानं विचारलं.

"काही नाही. त्या बाईंना सांगतेय."

तो आत आला, तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. त्यानं कशालाही हात लावून बघितला नाही.

"माझ्याकडूनही सांग," तो म्हणाला.